दोन भाई, एक नोंद

नोंदीचा प्रकार

मुलाखत.

प्रबंधाचे संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी नोंद करायला गेलं की ते आधी हेच विचारतं. पुस्तक, लेख, नकाशा, चित्रपट, मुलाखत. वडील असा प्रकार त्यात नाही. म्हणून मी भाईंना मुलाखत म्हणून भरलं. ते समोर बसून फणसाच्या भाजलेल्या आठळ्या सोलत होते.

"काय भरतंस गो बाय?"

"तुमका भरतंय, भाई."

"बरां. आधी आठळी खा, मगे भर."

प्रबंधाचा विषय: बोटीवर नोकरीला गेलेल्या मालवणी माणसांनी घरी परतण्याविषयी सांगितलेल्या आठवणी. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. शिकवून उरलेल्या वेळात किनाऱ्यावरच्या वाड्यांतून फिरले आणि निवृत्त खलाशांना बोलतं केलं. दोघे तर आमच्याच वाडीतले निघाले. एक भाई. दुसरेही भाई.

आडनाव

कोचरेकर.

आमच्या वाडीत सगळेच कोचरेकर. नवा पोस्टमन आला की पहिला महिनाभर नुसता हाका मारत फिरतो.

नाव

भाई.

घरातल्या थोरल्या मुलाला भाई म्हणतात आणि मग तो म्हातारा होईपर्यंत सगळा गाव त्याला भाईच म्हणतो. बायकोमुलंसुद्धा. आमचं घर टेकाडावर, म्हणून माझे वडील वयलो भाई. खाली माडांत घर असलेले ते सकयलो भाई. मी त्यांना काका म्हणते, विमलाकाकूंचे यजमान म्हणून. वाडीला एवढं पुरतं. कोण कोणाला हाक मारतंय ते आवाज वर गेला की खाली, यावरून कळतं.

सॉफ्टवेअरला वर-खाली कळत नाही. त्यात दोन चौकटी असतात, आडनाव आणि नाव. मी दोनदा भरलं: कोचरेकर, भाई. कोचरेकर, भाई. शीर्षक दोन्हीकडे "बोटीवरून घरी". साल तेच. ठिकाण तेच. कोण कुठला ते मला माहीत होतं, म्हणून लिहावंसं वाटलं नाही.

दिनांक

दोघांशी एकाच आठवड्यात बोलले, खालच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एकाच बाकावर. फोनवर रेकॉर्ड करायला गेले तर दोघेही कॅप्टन आल्यासारखे ताठ बसले आणि शुद्ध मराठीत बोलायला लागले. "आम्ही अत्यंत खडतर परिस्थितीत…" असं सकयले भाई म्हणाले आणि वयले भाई हसून हसून खोकले. मी फोन बाजूला ठेवला. मग बोलणं जमलं. एक सांगायचे, दुसरे मध्येच तोडायचे. मी लॅपटॉपवर थेट टिपत गेले, एक वाक्य म्हणजे एक टीप. ज्याचं वाक्य त्याच्या नोंदीखाली.

तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

समान नोंदी

गोव्यातल्या हॉस्पिटलचा कॉरिडॉर. दुपार. भाई आत, काचेपलीकडे. डॉक्टर येईपर्यंत हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी लॅपटॉप उघडला. वाचायला जमत नव्हतं, लिहायला तर नाहीच. साफसफाई जमत होती. सॉफ्टवेअर डाव्या बाजूला सांगतं, तुमच्याकडे या नोंदी दोन-दोनदा आल्या आहेत, एकत्र करायच्या का? मी एकेक बघत गेले. एकच पुस्तक दोनदा. एकत्र करा. एकच लेख दोनदा. एकत्र करा. कोचरेकर, भाई. कोचरेकर, भाई.

एकत्र करा.

तेव्हाच नर्सने नाव पुकारलं, "गुरुदास कोचरेकर यांचे कोण?" कोण गुरुदास, म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. भाईंचं कागदावरचं नाव. मग उठले.

सारांश

भाई गेले. त्याला आता वर्ष होत आलं.

त्यानंतर मी प्रबंध लिहिला. लिहिणं म्हणजे काय, तर टिपेतलं वाक्य उचलायचं, त्याच्या पुढेमागे चार वाक्यं आपली लिहायची, मग कर्सर वाक्याच्या शेवटी ठेवून वर्डच्या पट्टीतलं बटण दाबायचं. एक लांबट चौकट उघडते. त्यात "कोच" एवढं टाइप केलं की खाली नोंद येते. एंटर. कंसात नाव येऊन बसतं. शेवटी संदर्भसूची आपली आपण तयार होते.

एंटर दाबलं की भाई येतात, असं झालं होतं माझं. कोच. एंटर. (कोचरेकर, भाई). कोच. एंटर. (कोचरेकर, भाई). पान भरत जायचं. किती बोलले होते भाई, मला नवल वाटायचं. घरी तर दोन शब्दांवर तिसरा नाही. बोटीवरून आले की दाराबाहेर चपला काढायचे, मला म्हणायचे "बाय, मोठी झालंस," आणि न्हाणीघरात शिरायचे.

शेवटचं प्रकरण मी एका वाक्यावर उभं केलं. वाक्य असं:

"दिवसातसून एकदा चेडवाचा नाव मोठ्यान घेतंय. इंजिनाच्या आवाजात कोण आयकता? नायतर घराक गेल्यार तोंडात येवचा नाय." (कोचरेकर, भाई)

चेडू म्हणजे मुलगी. भाईंची मुलगी मी. माझे वडील समुद्राच्या मध्यावर, इंजिनशेजारी उभे राहून रोज एकदा माझं नाव घेत होते. टिपून घेताना, त्यांच्या हयातीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हे कळल्यावर मी वर्गात शिकवताना मध्येच थांबू लागले. मुलं म्हणायची, मॅडम, पुढे. त्या वर्षात मला उभं ठेवलं ते या वाक्यानं. आठवायला गेले की दिसायचंसुद्धा, भाई आठळी सोलता सोलता हे सांगताहेत.

मग परवा बाईंचा, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचा फोन आला.

"गौरजा, परिशिष्टात तू मुलाखती दिलेली माणसं लिहिलीयत, त्यात कोचरेकर भाई दोन आहेत. संदर्भसूचीत एकच आहे. दुसरे गेले कुठे?"

मी सूची बघितली. एकच होते. सॉफ्टवेअरची कचरापेटी बघितली. ती आपली आपण रिकामी होत राहते. मग मोठ्या नोंदीखालच्या टिपा बघितल्या. सगळ्या एकाखाली एक, आणि कोणत्या टिपेवर कोणाचं नाव नाही. नाव वरच्या नोंदीला होतं ना, टिपेला कशाला हवं होतं.

"बाई, दोघं एक झालेत," मी म्हटलं.

"मग असं कर, दोघांना सहलेखक दाखव. कोचरेकर व कोचरेकर. सबमिशन तोंडावर आलंय."

मी हो म्हटलं. फोन ठेवला. आणि त्या एका वाक्यासमोर बसून राहिले.

ठिकाण

खालचं घर. आता दाराशी पाटी आहे: रूम्स उपलब्ध, गरम पाणी, वायफाय. मागे दोन खोल्या काढल्यात, स्कुबाला येणारे लोक उतरतात. वायफाय आमच्या वाडीत इथेच नीट चालतं, म्हणून प्रबंध सिंक करायला मी इथेच येते. पासवर्ड सुरमई. सकयले भाई सगळ्या पाहुण्यांना तो सांगतात आणि वर विचारतात, ताजी आहे, करायला सांगू?

ते बाकावर बसले होते. बाकाची दुसरी बाजू मोकळी होती. मी तिथे न बसता पायरीवर बसले.

"बस गो वर. तो काय आता येवचो नाय जागो मागूक."

विमलाकाकू खळ्याच्या कोपऱ्यात विळीवर बांगडे साफ करत होत्या. "काय बोलतास ता," एवढंच म्हणाल्या.

मी काय झालं ते सांगितलं. हॉस्पिटल, बटण, सगळं. काकांनी शांतपणे ऐकलं. मग मांडीवर थाप मारली.

"म्हंजे गावान इतकी वर्सां खटपट केली, वयलो नि सकयलो करून, आणि तुझ्या मशीनान एका बटनात आमका एक केल्यान?"

"व्हय."

"हेच्या आधी एकदाच झालेला. हिचो लोणच्याचो डबो. कंपनीच्या मुंबयच्या हापिसातसून चुकान तुझ्या बापाशीच्या बोटीर गेलो. भाई कोचरेकर, नाव बरोबर! पुरो डबो खाल्ल्यान. आणि वर्सान भेटलो तेवा माका काय म्हणता? विमलाक सांग, मीठ कमी घाल."

"मीठ बरोबर होता," काकू विळीवरून म्हणाल्या.

"ता मी काय सांगू? मी खंय खाल्लंय?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी असं तोंड उघडून. मग लॅपटॉप उघडला.

"काका, एकेक वाचतंय. तुमचा काय भाईंचा, तेवढा सांगा. आणि आधी तुमचा कागदावरचा नाव काय?"

"धोंडू." ते जरा लाजले. "वोटिंगाक लागता तेवढाच."

मी दोन नव्या नोंदी केल्या. कोचरेकर, गुरुदास. कोचरेकर, धोंडू.

टिपा

"घराक इल्यार पयले चार दीस जमीन हलता."

"दोघांचा. तो म्हणालो, मी व्हय म्हटलंय." (गुरुदास, धोंडू)

"बोटीर चप्पल घालून निजतंय. सायरन झाली तर धावाक बरां."

"वयलो. भित्रो होतो." (गुरुदास)

"बायलेक सांगलंय, माका सोडूक धक्क्यार येव नको. मागे वळान बघूचा लागता."

काका विळीकडे बघून हळूच म्हणाले, "माझा." (धोंडू)

"ही तरीपण येय," ते पुढे म्हणाले. "माडाआड उबी ऱ्हवान."

"माका काम नाय होता दुसरा," काकू म्हणाल्या.

"घरचा गोडा पानी बघून माका लाज वाटता. बोटीर बालदीत भागवतंय, हंयसर बावडीच आसा."

"वयलो! लाज वाटता म्हणा आणि न्हाणीयेतसून तासभर भायर येय नाय. तुझी आवस सीतावैनी वरडान दमा." (गुरुदास)

प्रत्येक वेळी मी जुन्या कंसावर जायचे, चौकट उघडायचे, जुनं नाव पुसायचे, नवं टाइप करायचे. गुरुदास. धोंडू. धोंडू. गुरुदास. धोंडू. हळूहळू लक्षात यायला लागलं की धोंडू जास्त होताहेत. जे जे मला आवडलं होतं, ज्याच्यापाशी मी थांबले होते, ते बहुतेक खालच्या घरातलं होतं. भाईंच्या वाट्याला चप्पल येत होती. पाणी. भात. बोटीवरचा भात मऊ, घरच्या उकड्या भाताला दात लागतात, असं काहीतरी.

मी शेवटचं वाक्य मागे ठेवलं होतं. मागे ठेवायलाही काही उरलं नाही तेव्हा वाचलं.

"दिवसातसून एकदा चेडवाचा नाव मोठ्यान घेतंय. इंजिनाच्या आवाजात कोण आयकता? नायतर घराक गेल्यार तोंडात येवचा नाय."

विळी थांबली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. काय दिसलं असेल त्यांना, माझी बोटं कीबोर्डवर थांबली होती, एवढं मला आठवतं. मग म्हणाले,

"ता वयल्याचा. घाल तेचा नाव."

"नक्की, काका?"

"मी बाजूक होतंय मां. तुझ्याबद्दलच सांगी होतो." आणि ते उठले. "टाकयेत पानी नाय. मोटार लावतंय."

ते घराच्या मागे गेले. मी चौकट उघडली. "गुरु" टाइप केलं. नाव खाली आलं. एंटर दाबायचं तेवढं राहिलं.

"गौरजा," काकू म्हणाल्या. त्यांनी हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले. "तुझो बापूस तुका कधी नावान हाक मारी?"

मी उत्तर शोधलं.

बाय, चाय ठेव. बाय, दार लाव. बाय, मोठी झालंस. (सर्व: वैयक्तिक संभाषण) हॉस्पिटलात, काचेच्या आत, ऑक्सिजन लावायच्या आधी: बाय, आवशीक घराक धाड.

"नाय," मी म्हटलं.

मागे मोटार सुरू झाली. जुनी मोटार, सगळं खळं थरथरायचं तिच्यानं. काकूंनी नुसती मान त्या बाजूला वळवली. मी उठून कोपऱ्यापर्यंत गेले.

काका मोटारीपाशी उभे होते, पाठमोरे, एक हात भिंतीला टेकवून. आवाजात काही ऐकू येत नव्हतं. पण मान जराशी वर झाली, खांदे हलले, माणूस लांबच्याला हाक मारतो तसे, आणि पुन्हा खाली आले. एकदाच.

काकांची मुलगी सारिका माझ्याच वर्गात होती. शाळेत जायला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा तापात गेली. काका बोटीवर होते. बोट बंदराला लागेपर्यंत कोणी त्यांना सांगू शकलं नाही. हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. त्या मधल्या दिवसांत, ती नसताना, ते रोज इंजिनापाशी काय करत होते, ते कोणाला माहीत नव्हतं. काकूंना सोडून.

मी पायरीवर परत आले. "गुरु" पुसलं. "धों" टाइप केलं. एंटर.

पुढे जोडायचा मजकूर

काका ओल्या हातांनी आले. मोटार चालूच होती.

"घातलंस तेचा नाव?"

"नाय. तुमचा घातलंय."

"कित्याक? मी सांगलंय मां तुका—"

"भाई माका बायच म्हणत, काका."

त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पुन्हा बांगडा हातात घेतला होता. ते बाकावर बसले, आपल्या बाजूला, दुसरी बाजू मोकळी ठेवून.

"तुका ऱ्हवांदे म्हटलंय ता," ते म्हणाले. "माझ्याकडे आसा तां आसाच."

मागच्या खोलीचं दार उघडून एका पाहुण्यानं विचारलं, "काका, गरम पाणी येत नाहीये हो."

"येईल, येईल! मोटार आत्ताच लावली आहे. पाच मिनिटं द्या," काका शुद्ध मराठीत ओरडले. मग माझ्याकडे वळून, आवाज पाडून: "तिचा पण नाव घालूक येता काय गो थंय?"

आडनावाच्या चौकटीत येत नाही. नावाच्याही नाही. तिने मुलाखत दिलेली नाही, तिचं पुस्तक नाही, लेख नाही. पण कंसावर पुन्हा क्लिक केलं की नावाखाली आणखी एक छोटी चौकट उघडते, संदर्भाच्या पुढे जोडायच्या मजकुरासाठी. लोक तिच्यात "टीप पाहा" किंवा "दुसरी बाजू" असं काहीतरी घालतात. मी ती आजवर कधी वापरली नव्हती.

मी टाइप केलं. एंटर दाबलं. कंस लांब झाला, त्याच्यापुढचे शब्द सरकून खालच्या ओळीत गेले.

"झाला?"

"झाला."

"वाच बघू."

"कोचरेकर, धोंडू, सारिकाविषयी."

"मोटार चालू आसा," काका म्हणाले. "मोठ्यान वाच."

मी मोठ्यानं वाचलं.

संबंधित

संध्याकाळ व्हायच्या आत टेकाड चढून घरी आले. पडवीत बसून सगळ्या संदर्भांना ताजं करणारं बटण दाबलं. सूची क्षणभर पांढरी झाली आणि परत आली. दोन ओळी होत्या.

कोचरेकर, गुरुदास.

कोचरेकर, धोंडू.

अक्षरांच्या क्रमानं लागल्या होत्या. वयलो वर, सकयलो खाली.

मग भाईंची वाक्यं एकेक करून बघितली. शोधायला वेळ लागत नव्हता, थोडीच होती. चप्पल. हलणारी जमीन, तीही अर्धी. भात. बावडीचं पाणी. चांगली वाक्यं आहेत. एकातही मी नाही. पाण्याच्या वाक्यावर मी क्लिक केलं, पुढे जोडायच्या मजकुराची चौकट उघडली. कर्सर तिच्यात चालू-बंद होत राहिला. काय घालणार. मी चौकट बंद केली.

शेवटचं प्रकरण आता नव्यानं लिहावं लागेल. वाक्य तेच राहील. मी त्यातून बाहेर पडेन.

आत न्हाणीघरात आई बादली भरत होती. भाई होते तेव्हा या वेळेला आतून त्यांची हाक यायची, बाय, टॉवेल दी. टॉवेल खुंटीवरच असायचा. तरी मी उठून द्यायचे.

पाणी थांबलं. आतून हाक आली. आईनं मारली. नावानं.